बाईंच्या छोट्या खुर्च्या

सिंधूबाईंना आमच्या गावातल्या सगळ्या तरुण पोरापोरींचं वजन पाठ आहे. आजचं नव्हे, तिसऱ्या वर्षाचं. ओंकार नवी गाडी घेऊन स्टँडवर ऐटीत उभा असला, मित्रांसमोर मिशीवरून हात फिरवत असला, की बाई पिशवी सावरत जवळून जाताना म्हणणार, "हळू चालव रं, अकरा किलो चारशे." मित्र हसत सुटायचे आणि ओंकार गुपचूप गाडीवरून खाली उतरायचा.

बाई आमच्या अंगणवाडीच्या सेविका होत्या. येरमाळ्याहून कळंबला जाताना आमचं गाव लागतं, आणि रस्त्यालगत, स्टँडला चिकटूनच अंगणवाडीची खोली आहे. एकच खोली. भिंतीवर आंबा, बदक आणि फुगा. आज गावात पंचविशीच्या आत असलेला जवळजवळ प्रत्येक जण तिथं रडलेला आहे. कॉलेजात सरांनी मनातून न जाणाऱ्या एका माणसाबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा मला आधी ती खोली आठवली, मग बाई. मला हे नीट जमेल की नाही, माहीत नाही. बाईंना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "नऊ किलो आठशे, लिही गं गपचिप." नऊ किलो आठशे म्हणजे मी. वाढीच्या तक्त्यात मी बरीच खाली होते, म्हणून बाई माझ्या ताटात खिचडीची एक पळी जास्त टाकायच्या. आमच्या घरातून मी पहिलीच कॉलेजात गेले, तेव्हा आईनं पेढे दिले ते आधी बाईंना.

बुटक्या, घाईनं चालणाऱ्या, चष्म्याच्या काड्यांना दोरी बांधून तो गळ्यात अडकवणाऱ्या बाई. त्यांच्या पिशवीत कायम धुतलेला एक नॅपकिन असतो. पूर्वी तो पोरांची नाकं पुसायला असायचा. निवृत्त झाल्यावरही नॅपकिन पिशवीतून गेला नाही, फक्त त्याचं काम बदललं. समोर कुणी शिवी दिली की बाई नॅपकिन पुढं करतात. "तोंड पूस आन् परत बोल." एकदा उसाच्या ट्रॅक्टरवरच्या एका दांडग्या पोरानं ऐकलं नाही, तर बाईंनी टाचा उंच करून, भर स्टँडवर, स्वतःच्या हातानं त्याचं तोंड पुसलं. पोरगा लालबुंद झाला. पण मान त्यानं आपोआप वर केली होती, तीन वर्षांच्या पोरासारखी. सगळ्यांनी पाहिलं ते.

निवृत्तीनंतर बाई धाराशिवला दोन दिवसांच्या एका शिबिराला गेल्या होत्या. युवक आणि शांतता असं काहीतरी त्याचं नाव होतं. परत आल्या त्या एक फाईल आणि एक प्रमाणपत्र घेऊन. "साहेब दोन दिस संवाद संवाद म्हणत होते," त्यांनी सांगितलं. "म्या इचारलं, म्हणजी बोलणंच की ओ? तर म्हणले, व्हय. मग म्हणलं, आमच्या गावात तेच बंद पडलंय."

खरंच बंद पडलं होतं. त्या वर्षी पोरं एकमेकांशी फक्त मोबाईलच्या स्टेटसवरून बोलायची. कुणी तरी नाव न घेता टोमणा टाकायचा, दुसरा त्यावर वाघाचा फोटो टाकायचा. क्रिकेटची एक टीम होती, तिच्या तीन झाल्या आणि एकीकडंही अकरा जण उरले नाहीत. बाईंनी सरपंचांकडून अंगणवाडीची किल्ली मागून घेतली आणि रोज संध्याकाळी पाच वाजता, लहान पोरं गेल्यावर, मोठ्या पोरांना तिथं बोलवायला सुरुवात केली. बोलवायला म्हणजे, त्या दारात उभ्या राहून वजनं पुकारायच्या. न येऊन करणार काय?

खोलीत बसायला अंगणवाडीच्याच खुर्च्या होत्या. लाल-निळ्या, प्लास्टिकच्या, गुडघ्याएवढ्या. त्यावर पोलिस भरतीची तयारी करणारी पोरं बसायची तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागायचे. मी एकदा बाईंना म्हटलं, पंचायतीतून मोठ्या खुर्च्या आणू का. बाई म्हणाल्या, "कामून? मोठ्या खुर्चीवर माणूस मागं रेलतंय आन् तोंड फिरवतंय. हिच्यावर बसल्यावर रुबाब कुठं ठेवशील?"

शिबिरात शिकलेलं बाईंनी आपल्या पद्धतीनं करून घेतलं होतं. ज्यांचं भांडण त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या. आपली बाजू मांडायची नाही. आधी समोरच्याचं नाव स्वतःचं म्हणून सांगायचं आणि त्याची तक्रार त्याच्या तोंडानं बोलायची. तो "व्हय, असंच," म्हणेपर्यंत बोलायची. आणि एकाचं बोलणं चालू असताना कुणीही जागचं उठायचं नाही. "येष्टी आली तरी न्हाय," बाई बजावायच्या. खोली स्टँडलाच असल्यामुळं हे नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. सचिन नावाच्या एका पोराला साडेपाचच्या गाडीनं कळंबला क्लासला जायचं होतं आणि नेमका त्याचा चुलतभाऊ त्याच्या समोर बसून बोलत होता. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. चुलतभाऊ मुद्दाम एकेक शब्द मोजून बोलू लागला. सचिन खुर्चीवर तळमळतोय, बाईंचा पंजा वर, गाडी गेली. मग बाईंनी चुलतभावाला म्हटलं, "झालं? आता तुझ्या गाडीवरनं ह्याला कळंबला सोडून ये." जाताना दोघं बोलत नव्हते. येताना दोघं भजी खाऊन आले.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अंगणवाडीत बाईंच्या हाताखाली गयामावशी मदतनीस होत्या. खिचडी शिजवणं, पोरांना घरून आणणं हे त्यांचं काम. उंच, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू, घरी शेळ्या. ह्या दोघी त्या एकाच खोलीत वर्षानुवर्षं काम करायच्या आणि एकमेकींशी एक शब्द बोलायच्या नाहीत. निरोप आम्ही न्यायचो. मी चार वर्षांची असताना बाई मला म्हणायच्या, "जा, मावशीला सांग, डाळ शिजली का बघा." मी दहा पावलं चालून चुलीपाशी जायचे. मावशी म्हणायच्या, "सांग बाईला, मला डोळं हायती." मी परत दहा पावलं. "बाई, मला डोळं हायती." कधीकधी तीन-चार पोरं एकदम निरोप घेऊन इकडून तिकडं पळत असायची. मला वाटायचं, मोठी माणसं अशीच बोलत असतील. घरी जाऊन मी आईला विचारलंही होतं, बाबांना काय सांगू म्हणून.

त्यांचं काय बिनसलं ते गावात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. आम्ही अंगणवाडीत जायच्या आधीचं ते होतं. दोघी एकाच वर्षी निवृत्त झाल्या, मग निरोपही थांबले.

गेल्या हिवाळ्यात ओंकारच्या शेतातल्या हरभऱ्यात शेळ्या शिरल्या. शेळ्या गयामावशीच्या, राखायला होता त्यांचा नातू बिरू. तो मोबाईल बघत होता असं ओंकार म्हणतो, तो झाडाखाली जेवत होता असं बिरू म्हणतो. कोवळा हरभरा दोन सऱ्या साफ झाला. ओंकारनं दगड भिरकावला, तो मावशीच्या लाडक्या पांढऱ्या शेळीच्या पायावर बसला आणि पाय मोडला. बिरूनं ओंकारच्या तोंडावर ठोसा मारला. ओंकारचा ओठ फाटला.

दोघंही पोलिस भरतीची तयारी करत होते. वर्षभर पहाटे एकाच रस्त्यावर पळत होते. ओंकारच्या वडिलांनी सांगून टाकलं, "उद्या ठाण्यात जाणार." बिरूच्या घरचेही मोडक्या पायाची शेळी घेऊन ठाण्यात जाऊ म्हणाले. दोघांवरही गुन्हा नोंदला गेला असता, तर दोघांची भरती तिथंच संपली असती. दोघांनाही ते कळत होतं आणि दोघंही मागं सरकायला तयार नव्हते.

बाईंनी त्या संध्याकाळी दोघांना खोलीत बोलावलं. आम्ही आठ-दहा जण भिंतीला टेकून बसलो. खुर्च्या मांडल्या.

"बस रं, बारा किलो," बाई बिरूला म्हणाल्या.

बिरू उभाच राहिला. "बाई, एक इचारू का? राग नका मानू."

"इचार की."

"तुम्ही ह्या खुर्चीवर कवा बसल्या?"

बाईंना समजलं नाही. बिरू म्हणाला, "माझ्या आज्जीसंगं तुम्ही बोलत न्हाय. अठरा वर्षं झाली म्हणत्यात. आमाला रोज सांगता, त्याच्या तोंडानं बोल, ह्याच्या तोंडानं बोल. तुम्ही बोला की एकदा आज्जीच्या तोंडानं. मग म्या बसतो."

ओंकारनं मान हलवली. त्या दिवसात ओंकार आणि बिरूचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

बाईंनी नॅपकिन काढला, चष्मा पुसला, परत पुसला. मग ओंकारला इतकंच म्हणाल्या, "तुझ्या बापाला सांग, दोन दिस थांब म्हणावं. परवा पाचपर्यंत. मग जायचं तिकडं जा." आणि किल्ली माझ्याकडं देऊन निघून गेल्या. खोलीला कुलूप मी लावलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता बाई आल्याच नाहीत. दारात वजनं पुकारली गेली नाहीत. पोरं स्टँडवर घुटमळली आणि पांगली. बाई आता येणार नाहीत असंच बहुतेकांना वाटलं. मला तर वाटलं, हे सगळंच मोडलं. खुर्च्यांवर बसून बसून एक झालेल्या टीमच्या पुन्हा तीन होणार, आणि दोन जण भरतीला कधीच जाणार नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळीच बाई माझ्याकडून किल्ली घेऊन गेल्या, आणि साडेचारलाच त्या खोलीत होत्या. दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. एक लाल, एक निळी. मला बघून त्या सवयीनं म्हणाल्या, "जा गं, मावशीला सांग..." आणि थांबल्या. मी दारापर्यंत गेलेही होते.

"नको," त्या म्हणाल्या. "तू बस. मीच जाते."

मावशीचं घर रस्त्याच्या पलीकडं, शाळेच्या बाजूला. खिडकीतून दिसत होतं. बाई अंगणात उभ्या राहिल्या. मावशी पांढऱ्या शेळीच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. मग बाई खाली बसल्या आणि शेळीचा पाय त्यांनी धरून ठेवला. मावशीनं गाठ मारली. काय बोलणं झालं ते इथून ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळानं दोघी रस्ता ओलांडून आल्या. बाई पुढं, मावशी चार पावलं मागं.

मावशी लाल खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं माय, हिच्यावर बसायचं?" बाई निळीवर बसल्या. दोघींचे गुडघे एकमेकींना टेकले. मागं आम्ही सगळे, ओंकार एका कोपऱ्यात, बिरू दुसऱ्या.

"माझं नाव गयाबाई," बाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "तपासणीला साहेब आले त्या दिशी खिचडी करपली. साहेबांनी इचारलं, कुणी करपवली. बाई म्हणल्या, मदतनीसनं. खरं तर बाईंनीच मला वजनासाठी पोरं आणायला वाड्या-वस्तीवर धाडलं होतं आन् चुलीकडं म्या बघते म्हणल्या होत्या. साहेबांनी सगळ्या गावच्या बायांसमोर मला झापलं. लेखी माफी घेतली. मला सही येत न्हवती, अंगठा द्यावा लागला." बाई थांबल्या. "तवा बी बाई खरं बोलल्या न्हायत."

आम्ही मावशीकडं बघितलं. मावशी म्हणाल्या, "न्हाय."

"काय न्हाय?"

"असंच न्हाय. अजून राहिलंय."

बाईंनी आठवून बघितलं. "माफीच्या कागदावर..."

"त्ये न्हाय ओ. कागदाचं सोडा. साहेब काय, येतंय आन् जातंय."

बाहेर साडेपाचची गाडी आली, हॉर्न वाजला, गेली. कुणी हललं नाही. बाईंचं कपाळ घामानं भिजलं होतं. त्यांनी हळूच म्हटलं, "मला ठाव न्हाय, गया. तूच सांग."

नियमात हे बसत नव्हतं, पण कुणी टोकलं नाही.

मावशी म्हणाल्या, "दुसऱ्या दिशी म्या डबा उघडून बसले हुते. आपून रोज संगं जेवायचो का न्हाय? भाकर, शेंगाची चटणी. तुमची वाट बघितली. तुम्ही आल्या आन् भिताडाकडं तोंड करून जेवल्या. मला वाटलं, माझ्यावरच राग हाय. मलाच झापलं आन् माझ्यावरच राग. त्या दिसापासनं तुम्ही तिकडं, म्या इकडं."

बाईंनी नॅपकिन काढला. आम्हाला वाटलं चष्मा पुसतायत, पण त्यांनी स्वतःचं तोंड पुसलं. मग त्या म्हणाल्या, "माझं नाव गयाबाई. म्या डबा उघडून वाट बघितली. बाई माझ्यासंगं बसल्या न्हायत."

"व्हय," मावशी म्हणाल्या. "असंच."

आता पाळी मावशीची. त्यांनी पदर नीट केला, खुर्चीवर सरसावून बसल्या. "माझं नाव सिंधूबाई. मला रागबिग काय न्हवता. लाज वाटत हुती. गयाच्या तोंडाकडं बघवत न्हवतं म्हणून भिताडाकडं बघितलं. मला अख्ख्या गावाचं वजन पाठ हाय, पर चुकलं म्हणायला अठरा वर्षं लागली." मग जरा थांबून, "आन् खिचडीत मीठ मला कधीच कळालं न्हाय."

"हे कवा म्हणले मी?" बाई म्हणाल्या.

"म्हणा व्हय, असंच."

"व्हय," बाई म्हणाल्या. "असंच. मीठ बी."

खोलीत जो हशा पिकला तो स्टँडपर्यंत ऐकू गेला असेल. बाई उठायला गेल्या तर निळी खुर्ची त्यांच्याबरोबरच उठली. मावशीनं एका हातानं खुर्ची धरली आणि दुसऱ्या हातानं बाईंना ओढून काढलं.

नंतर ओंकार आणि बिरू आपणहून येऊन बसले. त्यांचं फार लांबलं नाही. ओंकार बिरू होऊन म्हणाला, "माझी आज्जी त्या शेळीला स्वतःच्या ताटातली भाकर देते." बिरू ओंकार होऊन म्हणाला, "हरभऱ्याला रात्री पाणी मी देत होतो, बाप आजारी होता." ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बिरूला माहीत होतं, म्हणजे त्यानं कधीतरी बघितलं होतं. ओंकारच्या वडिलांनी ठाण्याचा विचार सोडला, मात्र तीन दिवस कुरकुर केली. ठरलं ते असं: शेळीचा पाय बरा होईपर्यंत तिचा चारा ओंकारनं आणायचा, आणि बिरूनं शेळ्या ओढ्याच्या कडेनं लांबून न्यायच्या. ओंकार रोज पळून झालं की चाऱ्याची पेंढी घेऊन जायचा. पाय आता बरा आहे. शेळी थोडी लंगडते, आणि ओंकार दिसला की कुठूनही त्याच्या मागं येते. परवा त्याच्या मागोमाग थेट यंदाच्या हरभऱ्यातच शिरली. ह्यावर तक्रार कुणी कुणाकडं करायची, हे अजून ठरलेलं नाही.

भरतीचा निकाल लागायचा आहे. दोघं पहाटे पळतात, आता बोलत पळतात, त्यामुळं वेळ वाढतो म्हणून ओरडाही खातात.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते गेल्या आठवड्यात. परीक्षेसाठी मला कळंबला जायचं होतं, येरमाळ्याकडून आलेल्या गाडीत गावाबाहेरच्या फाट्यावर बसले. गाडी आमच्या स्टँडवर थांबली. अंगणवाडीच्या ओट्यावर सिंधूबाई आणि गयामावशी बसल्या होत्या. पायाशी पिशव्या, म्हणजे त्यांनाही बाजाराला कळंबलाच यायचं होतं. दोघींच्या मध्ये एक डबा उघडा. मावशी हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, भाकरीचा तुकडा हातातच राहिला होता.

"चढा मावशी, चला लवकर!" कंडक्टर दारातून ओरडला. "पुढची गाडी तासानं हाय!"

मावशी थांबल्या नाहीत. बाईंनी गाडीकडं बघितलंही नाही. फक्त पंजा वर केला, आमच्यासाठी करायच्या तसाच.

"जाऊ द्या तुमची येष्टी," त्या म्हणाल्या. "तिचं अजून झालं न्हाय."

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. मी खिडकीतून मागं बघत राहिले. मावशी बोलतच होत्या.